डेटिंग अ‍ॅपचे फिल्टर: मचमच करत जेवणारा माणूस कुठल्या रकान्यात सापडतो?

डेटिंग अ‍ॅपमध्ये उंचीचा फिल्टर असतो, धूम्रपानाचा असतो, मुलं हवीत की नकोत याचाही असतो. मचमच करत जेवणाऱ्याचा नसतो. समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडणाऱ्याचा नसतो, दर वेळी वीस मिनिटं उशिरा येऊन तेच कारण सांगणाऱ्याचा नसतो, आणि चारचौघांत फोनचा आवाज पूर्ण सोडून व्हिडिओ पाहणाऱ्याचा तर नाहीच नाही. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीनंतर गाडं अडतं ते मात्र अशाच गोष्टींवर. म्हणून इथे अ‍ॅप दिसतं कसं किंवा वर्गणीच्या योजना काय आहेत, यात शिरायचं नाही. हिंज, बंबल, टिंडर आणि ओकेक्यूपिड यांच्याकडे ‘हे मला चालणार नाही’ असं सांगायची जी सोय आहे, ती बारीकसारीक सवयींसाठी कितपत कामाची, एवढंच पाहायचं आहे. निकाल आधीच सांगून टाकतो. ओकेक्यूपिडची यंत्रणा सगळ्यांत हुशार. हिंजची सगळ्यांत सोपी, आणि म्हणूनच सगळ्यांत जास्त चुकीची वापरली जाणारी. टिंडरची वरवरची, पण एका बाबतीत उपयोगी. बंबलची ठीकठाक.

हिंजपासून सुरुवात करू, कारण ‘डीलब्रेकर’, म्हणजे ज्यावरून नकारच ठरतो ती गोष्ट, या नावाचं बटणच त्यांच्याकडे आहे. सेटिंग्जमध्ये डेटिंग प्रेफरन्सेस उघडायचं. वय, अंतर, धर्म अशा रकान्यांत आवड निवडली की सोबत एक स्विच दिसतो. तो बंद असेल तर ती नुसती आवड. अ‍ॅप तशा लोकांना झुकतं माप देतं, पण बाकीच्यांना दार बंद करत नाही. स्विच चालू केला की अटीत न बसणारा माणूस समोर यायचाच थांबतो. उंची, राजकीय कल, मद्यपान, धूम्रपान, मुलांबद्दलचे बेत असे बरेच रकाने पैसे भरणाऱ्यांसाठीच राखून ठेवलेले आहेत.

गडबड होते ती इथेच. स्विच चालू करायला काहीच कष्ट पडत नाहीत, त्यामुळे लोक एकामागून एक चालू करत सुटतात. जरा हिशेब मांडू. तुमच्या वयोगटातल्या आणि अंतरातल्या 1000 प्रोफाइल आहेत आणि प्रत्येक अटीतून निम्मे लोक पार होतात, असं धरा. एक स्विच चालू केला की उरले 500, दोन केले की 250, पाच केले की साधारण 31. सहावा चालू केला की 16. या सोळा जणांचेही आपापले स्विच असणार, आणि त्यांच्या चाळणीतून तुम्हालाही पार व्हायचं आहे! प्रत्यक्षात अटी एकमेकींत गुंतलेल्या असतात, त्यामुळे आकडे असेच निघतील असं नाही, पण उतरण हीच. चार दिवसांत प्रोफाइल संपतात, पुन्हा पुन्हा तेच चेहरे येतात, आणि ‘इथे कोणी धड माणूसच नाही’ असा निष्कर्ष निघतो. माणसं असतात, स्विचमागे दडलेली असतात.

उपाय सोपा आहे. सगळे स्विच बंद करा. आठवडाभर तसंच चालू द्या आणि नकोशा वाटलेल्या प्रत्येक प्रोफाइलवर स्वतःला विचारा, की नेमकं काय खटकलं? एकच कारण पुन्हा पुन्हा येत असेल आणि त्यात तडजोडीला जागाच नसेल, तर तेवढाच स्विच चालू करा. मुलं हवी-नकोत हा असा प्रश्न आहे, कारण अर्धं मूल नावाचा प्रकार नसतो. धूम्रपान हाही असा असू शकतो, कारण धुराचा वास कपड्यांत, केसांत, पडद्यांत मुरतो आणि दुसऱ्या खोलीत जाऊन ओढली तरी जात नाही. मद्यपानाचा स्विच मात्र सांभाळून वापरावा. त्यातले पर्याय ‘हो’, ‘कधीकधी’, ‘नाही’ असल्या धाटणीचे असतात आणि ‘कधीकधी’ हा फार ताणला जाणारा शब्द आहे. एकाचं कधीकधी म्हणजे वर्षातून दोनदा, दुसऱ्याचं म्हणजे दर शनिवारी. ‘कधीकधी’वाले गाळले तर पहिलाही गेला, ठेवले तर दुसराही आला.

कडक स्विचच्या बाजूनेही बोलायला हवं. 2014 मध्ये समांथा जोएल आणि सहकाऱ्यांनी ‘सायकॉलॉजिकल सायन्स’ या शोधपत्रिकेत काही प्रयोग प्रसिद्ध केले. स्वतः नापसंत ठरवलेला गुण असलेली व्यक्ती पुढे आली तर तिला नकार देऊ, असं नुसती कल्पना करताना जितके लोक म्हणाले, त्यापेक्षा खरोखर तशी व्यक्ती भेटणार आहे असं समजल्यावर बरेच कमी लोक नकार देऊ शकले. कारण साधं होतं, समोरच्याचं मन दुखवायचं नव्हतं. भिडस्त माणसाने म्हणूनच खरोखर न चालणाऱ्या एका गोष्टीचा स्विच आधीच चालू केलेला बरा. पुढे दोन महिने ओढूनताणून भेटत राहण्यापेक्षा ते दोघांच्याही हिताचं.

आता ओकेक्यूपिड. 2004 साली सुरू झालेलं हे या चौघांतलं सगळ्यांत जुनं. आज त्याचा बोलबाला कमी झाला असला तरी सवयींच्या बाबतीत याच्याइतका विचार दुसऱ्या कोणी केलेला दिसत नाही. त्याचा पाया म्हणजे प्रश्न. प्रत्येक प्रश्नाला तीन गोष्टी जोडलेल्या: तुमचं उत्तर, समोरच्याची कुठली उत्तरं तुम्हाला चालतील, आणि हा प्रश्न तुमच्या लेखी किती महत्त्वाचा. यातली दुसरी पायरी फार मोलाची आहे. स्वतः पसारा करणाऱ्या माणसाला टापटीप जोडीदार हवा असू शकतो. नुसतं ‘सारखं की वेगळं’ पाहणाऱ्या अ‍ॅपला हे कळत नाही, याला कळतं.

तिसऱ्या पायरीचं गणित कंपनीने सुरुवातीच्या काळात उघड केलं होतं. बिनमहत्त्वाच्या प्रश्नाला 0 गुण, किंचित महत्त्वाच्याला 1, थोड्या महत्त्वाच्याला 10, फार महत्त्वाच्याला 50 आणि ज्यात तडजोडच नाही त्याला 250. अंतर कसं वाढतंय ते बघा. चार सवयींचे प्रश्न घ्या. जेवताना फोन पाहणं याला ‘फार महत्त्वाचं’ म्हणजे 50 दिले, आणि टूथपेस्ट मधूनच दाबणं, ओला टॉवेल पलंगावर टाकणं, बोटं मोडणं यांना एकेक. एकूण 53. फोन बाजूला ठेवणारा पण बाकीच्या तिन्ही सवयी असलेला माणूस 53 पैकी 50 मिळवतो, म्हणजे 94 टक्के. उलट तिन्ही सवयी नसलेला पण जेवताना फोनमध्ये डोकं घालून बसणारा मिळवतो 53 पैकी 3, म्हणजे जेमतेम 6 टक्के. हेच चारही प्रश्न तुम्ही ‘फार महत्त्वाचे’ केलेत तर नुसती फोनची सवय असलेला आणि नुसती टॉवेलची सवय असलेला, दोघेही 75 टक्क्यांवर येऊन बसतात. सगळंच महत्त्वाचं म्हटलं की यंत्रणा आंधळी होते. लोक नेमकं तेच करतात.

पुढची पायरीही बारकाईने बेतलेली होती. तुमचं समाधान आणि समोरच्याचं समाधान यांची सरासरी न काढता दोन्हींचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढायचं. तुम्ही 94 टक्के खूश आणि तो तुमच्यावर 6 टक्के खूश असेल, तर साधी सरासरी 50 आली असती. वर्गमुळाने येतात 24. एकतर्फी जुळणी खाली ओढली जाते, आणि ती तशीच जायला हवी. शेवटी दोघांनी मिळून किती प्रश्नांची उत्तरं दिली आहेत त्यावर चुकीची शक्यता वजा होते, एक भागिले सामाईक प्रश्नांची संख्या. चारच प्रश्न सामाईक असतील तर सगळं तंतोतंत जुळूनही आकडा 75 च्या वर जात नाही, पन्नास असतील तर 98 पर्यंत जातो. या हिशेबाने दहा-बारा उत्तरं देऊन ‘माझी कोणाशीच जुळत नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. निदान पन्नास द्या, त्यातही राजकारण-धर्मासारखे मोठे विषय एकदा झाले की झोप, स्वच्छता, वेळ, आवाज यांचे प्रश्न शोधून द्या. ‘फार महत्त्वाचं’ तीनपेक्षा जास्त ठिकाणी लावू नका.

याच कंपनीने 2011 मध्ये आपल्याच आकडेवारीतून एक मजेशीर गोष्ट सांगितली होती. भयपट आवडतात का, परदेशात कधी एकट्याने फिरला आहात का, आणि सगळं सोडून शिडाच्या बोटीवर राहायला जाणं मजेचं वाटेल का, या तीन प्रश्नांवर टिकलेल्या जोडप्यांचं एकमत योगायोगाने व्हावं त्याहून कितीतरी जास्त निघालं. वरवर पाहता तिन्ही किरकोळ. पण भीतीची मजा घेता येणं, एकटेपण झेपणं आणि घडी मोडायची तयारी असणं, हे त्यात लपलेलं असतं. अर्थात ही आकडेवारी त्यांच्याच साइटवरच्या जोडप्यांची होती, म्हणून पहिल्याच भेटीत बोटीचा प्रश्न टाकून निकाल लावू नये.

आणि मॅचच्या टक्क्यांकडे देव म्हणून पाहणाऱ्यांसाठी, 2014 मध्ये त्यांनीच जाहीर केलं की प्रयोग म्हणून 30 टक्के जुळणाऱ्या काही जोड्यांना मुद्दाम 90 टक्के दाखवण्यात आलं होतं. त्या जोड्यांतही गप्पा पुढे सरकण्याचं प्रमाण वाढलं. आकडा पाहून माणसं समोरच्याला जास्त संधी देतात, एवढं त्यातून दिसलं. वापरणाऱ्यांना न सांगता हे केल्याबद्दल कंपनीवर टीकाही झाली, आणि ती रास्तच होती.

टिंडरबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. लाइफस्टाइलच्या भागात पाळीव प्राणी, व्यायाम, खाण्याच्या आवडी, सोशल मीडियावरचा वावर असे छोटे टॅग लावता येतात. बऱ्याच प्रोफाइलवर ते शोभेपुरते असतात. त्यातला एक मात्र जरूर वाचावा, तो झोपेचा. पहाटे उठणारा आणि रात्री दोनला ताजातवाना होणारा यांचं पहिले तीन महिने छान चालतं, कारण नवलाईत झोप कोणाला आठवते? पुढे एकाला शांतता हवी असते तेव्हा दुसरा भांडी वाजवत असतो. झोपेच्या वेळेचा कल बराचसा शरीराच्या घड्याळातून येतो, वयानुसार तो सरकतोही, पण ‘माझ्यासाठी बदल’ म्हटल्याने बदलत नाही. टिंडरने हा रकाना दिला हे चांगलं केलं. संवादाच्या पद्धतीचा टॅगही डोळ्यांखालून घालावा. दिवसभर मेसेज करणारा आणि मेसेजचा कंटाळा असलेला माणूस एकमेकांना पहिल्याच आठवड्यात चुकीचे समजतात. एकाला वाटतं दुर्लक्ष होतंय, दुसऱ्याला वाटतं पाळत ठेवली जातेय.

बंबलवर वय आणि अंतराच्या फिल्टरखाली, लोक संपले तर थोड्या बाहेरचेही दाखव, अशी सोय आहे. ती चालू ठेवावी. त्याची 24 तासांची अट मात्र स्वतःच एक फिल्टर आहे. मॅच झाल्यावर, म्हणजे दोघांनी एकमेकांना पसंत केल्यावर, ठरलेल्या वेळेत पहिला संदेश गेला नाही किंवा त्याला उत्तर आलं नाही, तर मॅच संपतो. उशिरा उत्तर देणाऱ्यांना हे अ‍ॅप आपोआप बाजूला काढतं. तुम्हाला ती सवय खटकत असेल तर उत्तम. तुमचं काम पाळ्यांमध्ये चालत असेल, किंवा समोरच्याचं चालत असेल, तर चांगली माणसं विनाकारण हातची जातात.

नावडीवर जोड्या जुळवायचाही प्रयत्न होऊन गेला आहे. हेटर नावाचं अ‍ॅप 2017 मध्ये आलं आणि दोघांना एकाच गोष्टीचा तिटकारा असला तर त्यांना एकत्र आणू लागलं. कल्पना पोकळ नव्हती. तिसऱ्या कोणाबद्दलची समान नावड अनोळखी लोकांत जवळीक निर्माण करते, असं जेनिफर बॉसन आणि सहकाऱ्यांच्या 2006 च्या अभ्यासात दिसलं होतं. पण दोघांनाही मोठ्याने फोनवर बोलणारे आवडत नाहीत, एवढ्यावर संध्याकाळ निघते. संसार निघत नाही.

सगळ्याच अ‍ॅपची मर्यादा कुठे आहे ते आता पाहू. क्षुल्लक सवय डीलब्रेकर होते ती एकदा घडून नव्हे, पुन्हा पुन्हा घडून. मायकल कनिंगहॅम आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये डेटिंग करणाऱ्या जोडप्यांच्या अभ्यासात याला ‘सोशल अ‍ॅलर्जी’ म्हटलं. पहिल्यांदा नुसती चुळबुळ होते, मग प्रत्येक वेळी तीव्रता वाढते. सवय होऊन त्रास कमी व्हावा, त्याच्या बरोब्बर उलट. त्यांनी असे प्रकार चार गटांत मांडले: बेशिस्त शारीरिक सवयी, दुसऱ्याचा विचार न करणं, दुसऱ्याच्या हद्दीत घुसणं आणि रीत मोडणं. ओकेक्यूपिडचे काही प्रश्न सोडले तर अ‍ॅपचा रकाना या गटांना क्वचितच शिवतो. शिवेल कसा? ‘मी बोलताना मध्येच तोडतो’ असं स्वतःच्या प्रोफाइलवर कोण लिहील? बहुतेकांना आपण तोडतो हेच ठाऊक नसतं. 2017 मध्ये जोएल, ईस्टविक आणि फिंकेल यांनी स्पीड डेटिंगला आलेल्या लोकांकडून शंभरावर गुण आणि आवडीनिवडी भरून घेतल्या आणि मशीन लर्निंगने पाहिलं की कोणाचं कोणाशी जमेल हे आधीच सांगता येतं का. कोण एकूणच लोकांना आवडतो आणि कोण एकूणच चोखंदळ आहे, हे थोडंफार सांगता आलं. या दोघांचं एकमेकांशी जमेल का, ते सांगता आलं नाही.

म्हणून सवयी तपासायच्या त्या फिल्टरच्या बाहेर. हिंजवर आवाजाचा प्रॉम्प्ट असतो, म्हणजे अ‍ॅपने दिलेल्या विषयावर स्वतःच्या आवाजात दिलेलं उत्तर, तीस सेकंदांचं. फोटोंआधी ते ऐका. बोलण्याची गती, हसू, मागे टीव्ही कोकलतोय का, बरंच कळतं. मॅच झाल्यावर पंधरा मिनिटांचा साधा फोन करा, व्हिडिओ कॉल नको, कारण त्यात प्रत्येकजण सावरून बसतो. फोनवर पाहायचं एकच: तुमचं वाक्य किती वेळा तुटलं, आणि तुटल्यावर ‘हं, तू काय म्हणत होतीस?’ असं कोणी वळून विचारलं का. उत्साहाने तोडणारा वळून विचारतो. सवयीने तोडणाऱ्याला आठवतही नाही.

पहिली भेट तासा-दीड तासाची ठेवा आणि जे खटकतं ते दिसेल अशी ठेवा. खाताना होणारा आवाज सहन होत नसेल तर फिरायला जाऊन काय उपयोग, जेवायलाच जा. इथे एक खुलासा हवा. चावण्याच्या, भुरके मारण्याच्या आवाजाने नुसती किळस न येता छातीत धडधड होत असेल, राग उसळत असेल, उठून पळावंसं वाटत असेल, तर त्याला मिसोफोनिया हे नाव आहे. 2001 पासून हा शब्द वापरात आहे, आणि 2017 मध्ये सुखबिंदर कुमार यांच्या गटाने अशा लोकांच्या मेंदूतल्या इन्सुला नावाच्या भागाचा पुढचा हिस्सा त्या आवाजांना जास्त जोराने प्रतिसाद देतो असं दाखवलं. अशा माणसाला जोडीदार बदलून फारसा फरक पडणार नाही, प्रत्येकजण चावतोच. मागे मंद संगीत, समोरासमोर न बसता काटकोनात बसणं, कुरकुरीत पदार्थ वेगळ्या वेळी खाणं, एवढ्याने पुष्कळ निभावतं.

उशिराचं मोजमाप असं करा. एक उशीर मोजूच नका. तीन भेटींत दोनदा उशीर झाला तर ठरलेल्या वेळेच्या आधी निरोप आला होता का ते पाहा. आधी आला असेल तर माणूस वेळेचा कच्चा आहे, नंतर आला असेल तर त्याला तुमची वेळ दिसतच नाही. हे दोन वेगळे दोष आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. फोनचंही तसंच. टेबलावर उलटा ठेवलेला फोन आणि दर चार मिनिटांनी सुलटा होणारा फोन यांत फरक करा. ‘आईचा फोन यायचाय, म्हणून बघतोय’ असं सांगणारा माणूस तिसऱ्याच प्रकारचा.

मेसेजमधल्या सवयींवरून माणूस कापण्याची घाई तेवढी करू नका. वाक्याच्या शेवटी पूर्णविराम दिलेलं एका शब्दाचं उत्तर वाचणाऱ्यांना कमी प्रामाणिक वाटतं, असं 2015 च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं. पूर्णविराम देणारा रुष्टच असतो असं काही त्यात म्हटलेलं नाही. शुद्धलेखनाच्या चुका पाहून नाक मुरडणाऱ्यांसाठी दुसरा अभ्यास आहे, 2016 चा, क्वीन आणि बोलंड यांचा. लिहिण्यातल्या व्याकरणाच्या चुकांवर जास्त कठोर ठरलेले वाचक स्वभावाने कमी मिळतेजुळते घेणारे निघाले. चुकांवरून समोरच्याची परीक्षा होते, तशी आपलीही होत असते.

स्वतःची प्रोफाइल लिहिताना नावडी कशा मांडाव्यात, यावर शेवटचं. हिंजच्या प्रॉम्प्टला 150 अक्षरांची मर्यादा आहे, त्यात तक्रारींची यादी घालू नका. ‘लेट येणारे, फोनवेडे, आळशी लोकांनी दूर राहावं’ असं लिहिलं की नेमके ते लोक दूर राहत नाहीत, कारण स्वतःला आळशी समजणारा आळशी विरळाच. दूर राहतात ते समजूतदार. त्यांना वाटतं, ही व्यक्ती रागावलेली दिसते. एकच सवय घ्या, ती नेमकी सांगा, आणि स्वतःची एक खोड सोबत द्या. ‘जेवताना दोघांचे फोन उलटे, आणि रविवारी दहाच्या आधी मला हाक मारायची नाही’ हे मर्यादेत बसतं आणि वाचणाऱ्याला उत्तर द्यायला जागा ठेवतं.

पैसे भरायचे का? तुमची तडजोड न होणारी अट सशुल्क रकान्यात अडकली असेल तर महिनाभर भरा, नाहीतर नको. किरकोळ सवयींसाठी सशुल्क फिल्टर काहीही करत नाहीत. आणि हिंजकडे एक मागणी आहे. डीलब्रेकरचा स्विच चालू करण्याआधी त्याने किती प्रोफाइल गाळल्या जाणार आहेत तो आकडा तिथेच दाखवावा, आणि एका वेळी तीनपेक्षा जास्त स्विच चालूच होऊ देऊ नयेत.